आठव्या मेंढीमुळे सबंध राज्य जागे राहिले त्याची हकीकत

श्रीचित्रज्योति प्रसन्न. अखंडितचहामंडित, आरामखुर्चीस्थित, राजमान्य राजश्री प्रेक्षकसाहेब यांचे सेवेसी सेवकाची विज्ञापना ऐसी जे, आज्ञा जाहाली की सातासमुद्रांपलीकडील पाऊसबेटात शके अठराशे पंचाहत्तर, विजयनाम संवत्सरे, ज्येष्ठ शुद्ध नवमी, मंदवारी, म्हणजे शनिवारी, चित्रपेटीत काय काय दाखविले आणि त्यामुळे राज्यावर कोणता प्रसंग गुदरला तो साद्यंत लिहून पाठविणे. त्यास पाहिले ऐकिले तैसे लिहितो. प्रथम राज्याचा महिमा. ऐसे राज्य पृथ्वीवर दुसरे नाही. त्या राज्यावर सूर्य मावळत नाही आणि त्या राज्यात सायंकाळी सहा वाजले की सर्व मुले निजतात, हे दोन सिद्धान्त तेथे शाळाशाळांतून शिकवीत. पैकी पहिला अलीकडे थोडा लंगडा पडला होता. दुसरा कोणी घरोघर जाऊन पाहिला नव्हता.

या दुसऱ्या सिद्धान्ताचे मूळ ऐसे की, राज्यात चित्रपेटी नवीन आली तेव्हा वडीलधाऱ्यांस चिंता पडली की मुले पेटीपुढे बसली तर उठवणार कोण. आयांनी आपले मुलांस "पुरे झाले, जा नीज" म्हणावे तर तो त्या देशीचा रिवाज नव्हे. मुलाचे मन दुखवायचे तर ते सरकारने दुखवावे. सबब सरकारातून हुकूम जाहाला की सहापासून सातपर्यंत पेटी कोरी ठेवावी, आणि मुले समजतील की जगात पाहण्याजोगे काही उरले नाही, आणि मग आपली आपण निजतील. यास 'रिकामा तास' म्हणत. ज्येष्ठमासी त्या देशी सहा वाजता सूर्य चांगला वर असे आणि पाखरे ओरडत आणि शेजारी बागेचे गवत कापीत; परंतु हुकुमात सूर्याचे कलम नव्हते, म्हणोन त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

रिकाम्या तासाचे कारभारी आब्रेसाहेब थिसलउड म्हणोन एक सज्जन गृहस्थ होते. उंच, किंचित वाकलेले, मिशी कातरलेली, छत्री सदैव जवळ. त्यांचे काम ऐसे की आधीचे खेळ सहाच्या आत आवरावे आणि त्या तासात काही होऊ देऊ नये. हे काम त्यांनी सात वर्षे ऐसे चोख केले की एकदाही काही जाहाले नाही. तथापि नेमणूक हंगामीच राहिली, आणि यंदा राज्यात कुरबुर उठली की हा तास व्यर्थ आहे, काढून टाका. मग चित्रकचेरीचे मुख्य सरदार सर माँटेग्यूसाहेब यांनी आब्रेसाहेबांस बोलावून आणिले आणि खिडकीबाहेर पाहत बोलिले, "आब्रे, मंदवारी पावणेसातास चाळीस घरी चाळीस तपासनीस जातील. मुले निजली आहेत की नाही ते पाहतील. निजली असली तर तास राहील. तास राहिला तर तुम्ही राहाल, आणि कायम राहाल." आब्रेसाहेबांनी पुसिले, "आणि नसली तर?" सर माँटेग्यू म्हणाले, "तुम्हांस बागकामाची आवड आहे ना? उत्तम आवड." आणि मग हवेविषयी दोन शब्द बोलून निरोप दिला.

ऐसियास मंदवार उजाडला. आब्रेसाहेब न्याहारीस बसले. घरी पत्नी मेबलबाई आणि एकुलती कन्या प्रुडन्स, वय वर्षे सहा, पुढचे दोन दात पडलेले, एक मोजा पायात आणि एक हातात, ऐशी मेजावर येऊन बोलली, "डॅडी, आज मेंढ्यांचा खेळ आहे ना? मेगचा?" मेग म्हणजे डोंगराळ मुलखातील ईवन धनगराची कुत्री, एक कान फाटका, वय जाहालेले, आणि यंदाचा तिचा शेवटचा खेळ. धन्याने नुसती शीळ घालावी आणि मेगने आठ मेंढ्या माळावरून हाकून कोंडवाड्यात घालाव्या, ऐसा तो खेळ, आणि राज्यातील यच्चयावत मुलांचा जीव त्या कुत्रीवर. साहेब म्हणाले, "आहे. पावणेसहास संपेल." कन्या म्हणाली, "कधी संपेल ते नाही विचारलं. शेवटची मेंढी आत जाईस्तोवर दाखवाल?" साहेब म्हणाले, "कार्यक्रमपत्रिकेत तैसेच छापिले आहे." "छापलेलं नको. शब्द द्या." "दिला." "हातावर हात मारून?" तेव्हा साहेबांनी छत्री खाली ठेविली आणि हातावर हात मारिला. मेबलबाई टोस्टास लोणी लावीत म्हणाल्या, "अहो, शब्द कशाला देता? तुमच्या कचेरीत एक गोष्ट वेळेवर होते का?" साहेब म्हणाले, "माझा तास वेळेवर होतो." बाई म्हणाल्या, "त्यात काही नसतं म्हणून होतो." आणि चहा ओतिला.

मग कचेरीचा दिवस सुरू जाहाला तो ऐसा. सकाळी दहापासून पेटीत एक अचल चित्र दाखवीत, मध्ये वर्तुळ आणि भोवती रेघा आणि कोपऱ्यांत ठिपके, जेणेकरून दुकानदारांनी पेट्या नीट लावून पाहाव्या. हे चित्र तीन तास चाले. एक निवृत्त कर्नल ते नित्यनेमे साद्यंत पाहत, आणि त्या दिवशी त्यांनी कचेरीस फोन करून कळविले की "कालच्यापेक्षा आज चांगले वठले." मग पेटी विसावा घेई, कारण सर्व राज्य जेवीत असे. मग तिसरे प्रहरी डॅफ्नीबाई प्रकट होत. त्यांचे काम पुढे काय येणार ते सांगण्याचे. गळा मोत्यांचा, झगा मेजवानीचा, केस ऐसे बसविलेले की वाऱ्याने विचार करावा. कमरेखालचे पेटीत दिसत नसे, सबब पायात घरच्या सपाता. त्यांनी मान लवविली आणि राज्यातील कैक गृहस्थांनी घरी बसल्या उलट मान लवविली, आणि मग विनिफ्रेडबाई पुडिंग करून दाखवू लागल्या.

येथून अरिष्टास आरंभ जाहाला. पुडिंग शिजले, रंग उत्तम आला, परंतु भांडे उपडे केले तो पुडिंग खाली येईना. आणि चित्रकचेरीचा जुना दंडक ऐसा की स्त्री बोलत असता तिने आपण होऊन आभार मानीपर्यंत कोणी चित्र तोडू नये. तोडिले तर असभ्यपणा. बाईंनी भांड्यावर चमचा मारिला, मग लाटणे मारिले, मग भांडे हालवून पाहिले आणि हसतमुखे बोलिल्या, "निघेल, निघेल. आपल्याला कुठे घाई आहे?" आत आब्रेसाहेब घड्याळ पाहत उभे. यंत्रे सांभाळणारा पर्सी म्हणोन एक कारागीर होता, तो म्हणाला, "साहेब, मी जाऊन एक गुद्दा घालून येऊ?" साहेब म्हणाले, "चित्रात दिसशील." पर्सी म्हणाला, "गुद्दा तरी चांगला दिसेल." नऊ मिनिटे ऐसी गेली. दहाव्या मिनिटास अर्धे पुडिंग ताटात आणि अर्धे भांड्यात राहिले, आणि बाई म्हणाल्या, "हे असेच वाढायचे असते," आणि आभार मानून गेल्या.

मग डोंगरावरची मंडळी अद्याप सज्ज नव्हती, कारण ती नेमलेल्या वेळी सज्ज होऊन, वाट पाहून, सँडविच खावयास बसली होती. ऐसे प्रसंगी मधला काळ भरावयास कचेरीत एका झऱ्याचे चित्र ठेविले असे: झरा वाहतो, दगडास लागतो, पुढे जातो, बाकी काही नाही. ते लाविले. मग डोंगरावरून वर्दी आली की आता सज्ज आहो. आब्रेसाहेब म्हणाले, "पर्सी, झरा तोड." पर्सी म्हणाला, "कसा तोडू? पाच मिनिटांचा झरा आहे. एकदा सोडला की पुरा वाहू द्यायचा, असं तुम्हीच मागल्या साली लिहून लावलंत. ते बघा भिंतीवर." साहेबांनी भिंत पाहिली. अक्षर त्यांचेच होते. मग उभयतां झरा पाहत उभे राहिले आणि मिळोन चौदा मिनिटे गेली.

मग डोंगर दिसू लागला. काय वर्णावे! ईवन धनगर काठी घेऊन उभा, मुद्रा ऐसी की राज्य गेले काय आणि राहिले काय. शीळ घातली, आणि मेग पोट भुईस लावून ऐसी निघाली की जुन्या मोहिमांतील स्वारही लाजावे. आठ मेंढ्या माळावर पांगल्या होत्या त्या डावीकडून वळविल्या, ओढा ओलांडविला, फळ्यांच्या दोन दारांतून काढिल्या, आणि राज्यात ठायी ठायी मुले पेटीस नाक लावून बसली आणि आयांनी हाका मारिल्या त्या कोणास ऐकू आल्या नाहीत. पाच वाजून छप्पन मिनिटांस कोंडवाड्याचे तोंडी सर्व मेंढ्या आल्या. एक आत गेली, मग दोन, मग चार मिळोन गेल्या. ऐशा सात. आठवी दारात उभी राहिली. मेगने तिजकडे पाहिले. तिने मेगकडे पाहिले. धनगर शीळ घालीना, कुत्री हालेना, मेंढी आत जाईना आणि बाहेरही जाईना, ऐसा पेच पडला. पाच वाजून एकोणसाठ जाहाले.

कचेरीत कोणी श्वास घेईना. डॅफ्नीबाई मोत्यांस हात लावून सपाता वाजवीत धावत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, एकच राहिली आहे हो! दोन मिनिटं द्या." पर्सी म्हणाला, "दीडसुद्धा पुरेत." इतक्यात फोन वाजला. सर माँटेग्यूसाहेब घरून बोलत होते. "आब्रे, तुमच्याकडे घड्याळ आहे ना?" "आहे." "छान आहे. माझ्याकडेही आहे. तपासनीस निघाले आहेत." मागे त्यांचे नातवाचा आवाज येत होता, "आजोबा, त्यांना सांगा ना! सांगा ना!" सरदार म्हणाले, "हा इथला आवाज आहे, याकडे लक्ष देऊ नका," आणि फोन ठेविला. आब्रेसाहेब खांबासारखे उभे राहिले. एके बाजूस सात वर्षांची चाकरी आणि कायम होण्याची वेळ. दुसरे बाजूस हातावर मारिलेला हात. मग सहाचा ठोका पडला आणि साहेब अगदी हलक्या आवाजात बोलिले, "तोडा." पर्सीने ऐकू न आलेसे केले. साहेब पुन्हा बोलिले. तेव्हा पर्सीने कळ दाबिली, आणि डॅफ्नीबाई सर्व राज्यास दिसू लागल्या आणि म्हणाल्या, "यानंतर एक तास काही नाही. नमस्कार." डोळे पाणावले होते ऐसे पुढे कैकांनी सांगितले, परंतु कचेरीने ते दिव्यांमुळे म्हणोन कळविले.

राज्यातील पेट्या कोऱ्या जाहाल्या. पण कचेरीत एक पेटी निराळी होती, तीत डोंगरावरील चित्र परस्पर येत असे, आणि डोंगरावरची मंडळी तारा सोडवीपर्यंत ते येतच राहिले. पर्सी म्हणाला, "साहेब, आपल्याला दिसतंय की अजून! या, या." तेव्हा आब्रेसाहेबांनी त्या पेटीस पाठ केली आणि बोलिले, "जे या तासात राज्यातील मुलांस वर्ज्य, ते आम्हांस कैसे विहित होईल? सर्वांनी खुर्च्या फिरवाव्या." डॅफ्नीबाई म्हणाल्या, "इथं पाहणारं कोण आहे?" साहेब म्हणाले, "म्हणूनच." मग सर्वांनी खुर्च्या फिरविल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसले, आणि भिंतीवर झऱ्याचा नियम होता तो वाचू लागले. मागून एकदा बें ऐसे ऐकू आले. पर्सीची मान हालली. साहेब म्हणाले, "पर्सी." मान सरळ जाहाली. मग काही वेळाने मागील चित्र मावळले.

आणि मग फोन सुरू जाहाले. एक न्यायाधीश बोलिले की "पोरी मला विचारतात, मी निकाल देऊ शकत नाही, पुरावा अर्धा आहे." एक धर्माधिकारी बोलिले की घरात सर्व मुलांनी गुडघे टेकून मेंढीसाठी प्रार्थना चालविली आहे आणि हे त्यांस शिकविणारेही आपणच असल्यामुळे थांबवता येत नाही. एक आई म्हणाली, "तुम्ही मुलं निजवणार होता ना? या मग, निजवा. धाकटा पडद्याला लोंबकळतोय." आणि मेबलबाईंचा फोन आला. साहेबांनी घेतला. बाई म्हणाल्या, "तुमची लेक विचारते आहे, मेंढी आत गेली का." साहेब म्हणाले, "मला ठाऊक नाही." पलीकडे कुजबूज जाहाली. बाई म्हणाल्या, "ती म्हणते, त्यांना सांग, ते तिथे होते." साहेब म्हणाले, "मी पाठ फिरवली होती." बाई म्हणाल्या, "अहो, एवढं नुसतं पाहायचं तरी होतं," आणि फोन ठेविला.

पावणेसातास चाळीस तपासनीस चाळीस घरी शिरले. एके घरी चौघा भावंडांनी खुर्च्यांचा कोंडवाडा केला होता आणि आजोबांस आठवी मेंढी करून दारात उभे केले होते; आजोबा म्हणाले, "मी आत जायला केव्हाच तयार आहे, ही पोरं मला जाऊ देत नाहीत." कित्येक घरी बाप निजले होते, परंतु बापांची मोजदाद करण्याचा हुकूम नव्हता. एक तपासनीस नेमका आब्रेसाहेबांचे घरी आला. प्रुडन्स कोऱ्या पेटीपुढे मांडी घालून बसली होती. त्याने वही काढून पुसिले, "मुली, तू निजलीस काय?" "नाही." "निजत आहेस काय?" "मेंढी आत गेली की निजेन." तपासनीस फार वेळ वही पाहत राहिला, आणि मग काही लिहून, टोपी उचलून गेला.

मग सात वाजले आणि पेटी पुन्हा उजळली. प्रथम राज्याचे वर्तमान वाचिले, ते केवळ आवाजाने. वाचणाराचे तोंड दाखवीत नसत, कारण भुवई हालली तर लोकांस मत कळेल ही भीती. वर्तमानात लोखंडाचा भाव आला, परराष्ट्रीचा एक राजदूत आला, एक पूल आला. मेंढी आली नाही. मग एक नाटक जाहाले. त्यात राणी विष पिऊन मेली, परंतु प्रेक्षकांत मुलेच फार होती आणि त्यांनी राणीची विचारपूस केली नाही. शेवटी राजगीत वाजले आणि सर्व राज्य घरोघर उठून उभे राहिले, आणि मुलेही निजावयाच्या कपड्यांत ताठ उभी राहिली, कारण ती जागीच होती.

इंदुवारी, म्हणजे सोमवारी, कचेरीची सरदारमंडळी जमली. आब्रेसाहेब छत्री धरून कोपऱ्यात उभे. सर माँटेग्यूंनी चाळीस वह्यांचा गोषवारा वाचिला: "एकूण मुले एकुणसत्तर. निजली, शून्य. निजत आहेत, एकुणसत्तर." एका सरदाराने पुसिले, "आणि जागी किती?" सर माँटेग्यूंनी कागद उलटा करून पाहिला. "जागीचा रकाना नाही. दोनच रकाने छापिले आहेत." "का बरे?" "छापताना गरज वाटली नाही. आपल्याकडे सहा वाजता मुले निजतात." सर्वांनी माना डोलविल्या. मग ठराव जाहाला की राज्यातील एकूण एक मूल निजण्याच्या मार्गावर आहे, इतके यश सात वर्षांत कधी आले नव्हते, सबब रिकामा तास राखावा आणि आब्रेसाहेबांस कायम करावे. कायम केले. शिवाय एक नवी खुर्ची दिली, ती भिंतीकडे तोंड करून ठेविली.

परंतु घरी प्रुडन्स बापाशी बोलेना. मेजावर आईस म्हणे, "त्यांना सांग, मीठ सरकवा." साहेबांनी आपण कायम जाहाल्याचे सांगितले तो म्हणे, "त्यांना विचार, कायम म्हणजे काय. शब्द कायम असतो का?" मेबलबाई म्हणाल्या, "मला मध्ये घालू नका, मी भाजी वाढते आहे." ऐसे चार दिवस गेले. पाचवे दिवशी साहेबांनी डोंगराळ मुलखात लांब पल्ल्याचा फोन लाविला. ईवन धनगराचे घरी फोन नव्हता. तो गावच्या टपालकचेरीत होता आणि धनगरास माळावरून बोलावून आणावे लागले, आणि तो आला तो रुष्ट. साहेबांनी पुसिले. धनगर म्हणाला, "कुठली मेंढी? ती होय!" आणि सांगितले ते दोन वाक्यांत सांगितले, आणि म्हणाला, "एवढ्यासाठी बोलावलं?" साहेबांनी आभार मानिले आणि मेगची प्रकृती पुसिली. धनगर म्हणाला, "बरी आहे. तिला तिसरं बक्षीस मिळालं. किटली." आणि फोन ठेविला.

साहेब त्या दिवशी तास संपण्याची वाट न पाहता, सात वर्षांत प्रथमच, रिकामा तास रिकामाच सोडून घरी आले. प्रुडन्स बिछान्यात डोळे उघडे ठेवून पडली होती. साहेब खाली भुईवर बसले आणि जे ऐकिले ते तैसेच सांगितले. कन्येने ऐकून घेतले आणि म्हणाली, "एवढंच?" साहेब म्हणाले, "एवढंच." "मग तुम्ही दोन मिनिटं थांबला असता तर?" साहेब म्हणाले, "दिसलं असतं." कन्येने विचार केला, मग हात पुढे केला, साहेबांनी हातावर हात मारिला, आणि ती कुशीवर वळून निजली. तेव्हा सहा वाजून वीस मिनिटे जाहाली होती. तपासनीस कोणी हजर नव्हता.

येणेप्रमाणे हकीकत. तात्पर्य राज्याचे राज्यापाशी. सेवकाने केवळ घडले ते लिहिले. त्या मेंढीस रोज सहाच्या ठोक्यास चारा मिळत असे, म्हणोन ती सहा वाजून दोन मिनिटांनी आपली आपण आत गेली. कचेरीतील पेटी सहा वाजून चार मिनिटांपर्यंत चालू होती.